माल दिला, पैसे कधी?

आमच्या औसा तालुक्यात सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघतं आणि तिथून वीसेक दिवसांवर दिवाळी असते. छोट्या शेतकऱ्याला बाजार कसा मिळवून द्यायचा यावर सभागृहांतून बरंच बोललं जातं, पण ही एवढी गोष्ट तिथं सहसा कुणी काढत नाही. कापणीचं गुत्तं घेतलेल्या माणसांना पैसे द्यायचे असतात. मळणीवाल्याचं भाडं असतं. कृषी सेवा केंद्रात जूनपासूनची खत-बियाण्याची उधारी थकलेली असते. लेकीबाळी माहेरी येणार असतात, आणि ओल आहे तोवर हरभरा पेरायचा असतो. वर्षातून एकदा हाती येणारं पीक आणि सगळी देणी त्याच पंधरवड्यात. अशा वेळी शेतकरी भाव विचारतोच, पण त्याच्या आधी विचारतो, पैसे कधी?

मी इथल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची व्यवस्थापक आहे. पत्र्याचं गोदाम, एक चाळणी यंत्र, एक वजनकाटा, एक मॉइश्चर मीटर आणि तीनशे सभासद, ही आमची सगळी मालमत्ता. बहुतेकांची जमीन दोन ते तीन एकर, तीही कोरडवाहू. २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार देशातल्या शंभरातल्या ८६ खातेदारांकडे दोन हेक्टरपेक्षा कमी जमीन आहे. म्हणजे आमच्या गोदामात जे घडतं ते काही आडबाजूचं उदाहरण नाही.

हे काम करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. खात्रीचं गिऱ्हाईक मिळवून देणं याचा अर्थ माल दिल्यापासून पैसे मिळेपर्यंतचे दिवस कुणीतरी आपल्या अंगावर घेणं. वाहतूक, प्रतवारी, मोबाइलवरचे भाव, करार या सगळ्याला किंमत आहे. पण ते दिवस कुणी उचलले नाहीत तर बाकीचं सगळं जागच्या जागी राहतं.

आज ते दिवस कोण उचलतो? खेडा खरेदी करणारा व्यापारी. शेतमालाच्या चर्चेत या माणसाला खलनायक ठरवून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. तो दारात येतो. टेम्पो त्याचा, काटा त्याचा, बारदाना त्याचा, हमालही त्याचेच. मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली फोडून बघतो आणि भाव सांगतो. लातूरच्या भावापेक्षा क्विंटलमागे दोनशे-तीनशे रुपये कमी. ओलावा आणि मातेरं धरून पोत्यामागे किलो-दीड किलोचा कडता वेगळा. मात्र पैसे तिथल्या तिथं मोजतो. आणि मुळात जूनमध्ये बियाण्याची पिशवी आणायला उचल त्यानंच दिलेली असते.

आमच्या गावातले एक आबा कंपनीचे पहिल्या वर्षापासूनचे सभासद आहेत. एका हंगामात त्यांनी सगळं सोयाबीन व्यापाऱ्याला घातलं. मी विचारलं तर शांतपणे म्हणाले, "ताई, तुमचा काटा खरा हाय, भावबी बरा हाय. पर म्हातारीला रातच्याला लातूरला दवाखान्यात न्यायची पाळी आली तवा पैशे कुणी दिले? त्या शेठनं. तुमच्या गोदामाला तवा कुलूप व्हतं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही पुरतं नाही. पण आबांसमोर बसून मी त्या उचलीचा हिशेब मांडला. जूनमध्ये घेतलेले पंधरा हजार. ऑक्टोबरात वीस क्विंटल माल, क्विंटलमागे अडीचशे कमी, म्हणजे पाच हजार. पंधरा हजारांवर चार महिन्यांना पाच हजार म्हणजे शेकडा महिना आठ रुपयांच्या वर व्याज झालं, आणि कडता अजून धरलेलाच नाही. हे व्याज कुठल्याही कागदावर नसतं, भावात मुरलेलं असतं. आबांनी हिशेब ऐकला, मान हलवली आणि विचारलं, "मग जूनला तुम्ही देता का?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्याच्याकडे मी पुन्हा येईन.

आता दुसरी वाट, लातूरची आडत. सोयाबीन आणि तुरीसाठी लातूरच्या बाजार समितीचं नाव राज्यभर आहे. तिथला सौदा निघाला की दुपारपर्यंत त्या दिवसाचा भाव जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचलेला असतो. भाव कळत नाही म्हणून शेतकरी फसतो, असं पूर्वी म्हणत आणि ते खरंही होतं. २००० साली आयटीसी कंपनीनं मध्य प्रदेशातल्या सोयाबीनच्या गावांत संगणक बसवून ई-चौपाल सुरू केलं ते याच कारणानं. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं ई-नाम आणलं. आज आमच्या गावात दहावीतलं पोर सकाळी भाव वाचून दाखवतं. पण भाव कळला म्हणून माल लातूरला पोचत नाही. वीस क्विंटलसाठी टेम्पो करायचा, भाडं, हमाली, तोलाई द्यायची, दिवस घालवायचा, आणि नेमका त्या दिवशी सौदा उतरला तर माल परत आणायची सोय नाही. ज्याच्याकडे शंभर क्विंटल आहे त्याला हे परवडतं. वीसवाला चार शेजाऱ्यांचा माल एकत्र करून गेला तर जमतं, मग ओला-वाळला माल एकाच ढिगात पडतो आणि भाव सगळ्यांत ओल्याचा लागतो.

हमीभाव केंद्राचंही थोडक्यात सांगते. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चार ते सव्वाचार हजार चालू होते. फरक मोठा होता, म्हणून केंद्रांवर झुंबड उडाली. सातबारा, आधार, पीक पाहणीची नोंद, मग नोंदणी, मग मोबाइलवर निरोप, मग रांग. नियमानं ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. परतीच्या पावसात भिजलेल्या मालाला तो नियम लावणंच कठीण होतं, म्हणून नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारनं ती मर्यादा १५ टक्क्यांवर नेली. मध्येच बारदाना संपला. ज्यांचा माल लागला त्यांना चांगले पैसे मिळाले, हे मी आनंदानं सांगते. पण ज्याला दिवाळीआधी गुत्तेदाराचे पैसे द्यायचे होते, त्याच्या उपयोगाला ते केंद्र आलं नाही.

चौथी वाट आमची. कंपनीनं सभासदांचा माल गोळा करायचा, चाळायचा आणि सरळ तेल गाळणाऱ्या प्लांटला द्यायचा. बाजार समितीबाहेर अशी खरेदी करायला पणन खात्याचा थेट पणन परवाना लागतो. तो मिळण्याची सोय महाराष्ट्रात २००६ पासून आहे.

प्लांटची भाषा तीन आकड्यांची असते : १०-२-२. ओलावा १० टक्के, माती-काडीकचरा २ टक्के, डागी दाणे २ टक्के. माल या आकड्यांच्या आत असेल तर पूर्ण भाव, वर गेला तर कपात. सोयाबीनमधून साधारण १८ टक्के तेल निघतं आणि उरलेली बहुतेक पेंड होते, ती कोंबड्यांच्या खाद्याला जाते. पाणी आणि माती यातलं काहीच देत नाही, तेव्हा प्लांटवाल्यानं त्याचे पैसे का द्यावेत? त्याची बाजू मला रास्त वाटते. आता शेतकऱ्याची बाजू बघा.

मालाच्या थप्पीशी आमची एक सभासद बाई आली होती. तिचा माल मीटरवर १४ टक्के दाखवत होता. मी म्हटलं, "अगं, दोन दिवस ऊन दे, १० वर येईल." ती म्हणाली, "ताई, ऊन दिलं की वजन घटतंय. कापून घ्या त्यापरीस." मी कागद घेतला. २० क्विंटल माल १४ टक्के ओलाव्याचा, म्हणजे त्यात कोरडा माल १७.२ क्विंटल. तो १० टक्क्यांवर वाळवला तर एकूण वजन भरतं १९ क्विंटल ११ किलो. म्हणजे वाळवल्यानं ८९ किलो गेले. आणि न वाळवता प्लांटनं टक्क्याला टक्का कापला असता तर ८० किलो गेले असते. बाई बरोबर होती. वाळवण्यात तिचं नऊ किलोचं नुकसान होतं, शिवाय दोन दिवस ताडपत्रीवर फावडं घेऊन दाणे उलथण्याचं काम तिचंच. आमच्याकडे वाळवण, चाळण, निवडण ही कामं बायकाच करतात आणि त्यांची मजुरी कुणी मांडत नाही.

"माल स्वच्छ करा, भाव मिळेल" हे वाक्य शेतकऱ्याला सांगण्याआधी सांगणाऱ्यानं हा हिशेब एकदा करून पाहावा. वाळवल्याचा फायदा फक्त दोन ठिकाणी होतो. एक, ओलावा १२च्या वर गेला की बरेच प्लांट एका टक्क्याला दोन टक्के कापतात किंवा गाडीच परत पाठवतात. दुसरं, माल साठवायचा असेल तर; ओलं सोयाबीन थप्पीत तापतं, बुरशी धरतं आणि डागी होतं. म्हणून आमच्या कंपनीत आता नियम असा आहे : १२च्या आतला माल टक्क्याला टक्का कापून लगेच घ्यायचा, १२च्या वरचा आमच्या अंगणात वाळवायचा, आणि वाळवणीची मजुरी कंपनीच्या खर्चात धरायची. मीटर सगळ्यांसमोर लावायचा, आकडा शेतकऱ्यानं स्वतः वाचायचा आणि पावतीवर लिहून घ्यायचा. वाचता येत नसेल तर बरोबरच्या मुलाकडून वाचून घ्यायचा. विश्वास बसतो तो या अशा गोष्टींनी.

आता पैशांकडे येते, कारण सगळं घोडं तिथंच अडतं.

पंचवीस टनांच्या एका ट्रकमध्ये अडीचशे क्विंटल सोयाबीन बसतं. ४,३०० रुपयांनी त्याची किंमत होते १० लाख ७५ हजार. प्लांट माल उतरवून, तपासून, बिल मंजूर करून पैसे टाकतो. साधारण पंधरा दिवस धरा. शेतकऱ्याला पैसे आज हवेत. मधले पंधरा दिवस कंपनीनं सांभाळायचे. कशातून? आमच्या तीनशे सभासदांनी प्रत्येकी दोन हजारांचं भागभांडवल दिलं, ते सहा लाख झालं. केंद्र सरकारनं २०२० मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या करण्याची योजना आणली, त्यात सभासदामागे दोन हजारांपर्यंत तेवढंच अनुदान मिळतं. ते धरून बारा लाख. म्हणजे एक ट्रक. तीनशे कुटुंबांच्या आणि सरकारच्या पैशांतून एका वेळी एकच ट्रक भरता येतो.

हंगाम दीड महिन्याचा. पंधरा दिवसांनी पैसे आले तर त्या भांडवलाचे तीनच फेरे होतात, साडेसातशे क्विंटल. सभासदांचा एकूण माल सहा हजार क्विंटल. म्हणजे आमची कंपनी आठवा हिस्साच उचलू शकते. सात हिस्से पुन्हा त्याच व्यापाऱ्याच्या टेम्पोत. आता समजा प्लांटनं पाच दिवसांत पैसे दिले. त्याच बारा लाखांचे नऊ फेरे होतील आणि माल उचलला जाईल सव्वादोन हजार क्विंटल. एक पैसा वाढीव भांडवल न घालता काम तिप्पट. हे लक्षात आलं तेव्हापासून मी प्लांटशी भावावर फार घासाघीस करत नाही, दिवसांवर करते. क्विंटलमागे वीस रुपये कमी द्या, पण सातव्या दिवशी खात्यात पैसे टाका, असं मी सरळ सांगते. संचालक मंडळातल्या काहींना हे आधी रुचलं नव्हतं. वीस रुपये कमी घेणारी व्यवस्थापक कुणाला आवडेल? फेऱ्यांचा हिशेब फळ्यावर मांडल्यावर कुणी बोललं नाही.

बँकेकडे जावं तर बँक तीन वर्षांचे ताळेबंद आणि तारण मागते. नव्या कंपनीकडे दोन्ही नसतं. नाबार्डची नॅबकिसान अशा कंपन्यांना कर्ज देते, आणि दहा हजार कंपन्यांच्या योजनेत कर्जाला हमी देण्याची तरतूदही आहे. पण कर्ज मंजूर होऊन खात्यात यायला नोव्हेंबर उजाडला तर त्याचा सोयाबीनला उपयोग नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये देशात दहा हजारावी कंपनी नोंदली गेली. नोंदणीचा आकडा गाठला, याचं मला समाधान आहे. यापुढं मोजायचं असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात किती कंपन्यांच्या खात्यात खेळतं भांडवल होतं, ते मोजावं.

गिऱ्हाईक खात्रीचं आहे की नाही, हे भाव पडतो त्या दिवशी कळतं. एका प्लांटच्या गेटवर आमची गाडी दोन दिवस उभी राहिली. पहिल्या दिवशी नमुना ठीक होता, दुसऱ्या दिवशी बाजार उतरला आणि डागी चार टक्के निघाली. गाडी परत आणायची तर भाडं अंगावर, म्हणून कपात सोसून माल खाली करावा लागला. त्या प्लांटला आम्ही पुन्हा माल दिला नाही. आता गाडी भरतानाच तिन्ही थरांतून नमुना काढून तीन पिशव्या सील करतो. एक आमच्याकडे, एक प्लांटला, एक गाडीबरोबर. वाद झाला तर तिसरी पिशवी उघडायची. ही अट कागदावर लिहून द्यायला जो तयार होतो, त्याच्याशीच पुढचं बोलणं.

पण शब्द फक्त प्लांटच मोडतो असं नाही. देतो म्हटलेला माल, बाजार शंभर रुपयांनी वर गेला की सभासदही दुसरीकडे घालतात. मी त्यांच्यावर चिडत नाही. वीस क्विंटलला दोन हजार म्हणजे शाळेची फी आहे. इथं दोष कराराच्या बांधणीत असतो. ठरीव आकड्याचा करार सोयाबीनमध्ये टिकतच नाही. २०२१ आठवा. त्या ऑगस्टमध्ये सोयाबीननं दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. मग केंद्र सरकारनं जीएम सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली, पुढं नवा माल आला आणि भाव जवळपास निम्म्यावर उतरला. डिसेंबरमध्ये सेबीनं सोयाबीनचे वायदेही थांबवले, म्हणजे पुढच्या भावाची हमी बांधून ठेवण्याची वाटही बंद. त्या वर्षी जूनमध्ये कुणी सहा हजारांचा करार केला असता, तर ऑगस्टमध्ये तो शेतकऱ्यानं मोडला असता आणि ऑक्टोबरमध्ये प्लांटनं. दोघांनाही दोष देता आला नसता.

म्हणून आम्ही आकडा ठरवत नाही, रीत ठरवतो. गाडी पोचेल त्या दिवशीचा लातूरचा सौदा, त्यावर क्विंटलला ठरलेली वाढ, १०-२-२, सीलबंद नमुना, सातव्या दिवशी पैसे. बाजार चढला तर शेतकऱ्याला चढ मिळते, उतरला तर प्लांट अडून बसत नाही. दोघांनाही शब्द मोडून फायदा नाही, अशी ती बांधणी आहे.

लोक मला सह्याद्रीचं उदाहरण देतात. मोहाडीची सह्याद्री फार्म्स खरोखर अभ्यासण्यासारखी आहे. २०१० मध्ये द्राक्षांत क्लोरमेक्वाट या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपनं आपल्याकडचा माल अडवला आणि नाशिकचे द्राक्ष उत्पादक हादरले. त्या पडझडीनंतर, २०११ मध्ये, विलास शिंदे आणि त्यांच्या सहकारी शेतकऱ्यांनी ही कंपनी उभी केली. पेटीतलं द्राक्ष कुणाच्या बागेतलं, तिथं कोणती फवारणी झाली, हे युरोपातल्या गिऱ्हाइकाला सांगता येतं, ही त्यांची ताकद. २०२२ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी त्यात ३१० कोटी रुपये घातले. पण द्राक्षाच्या पेटीला नाव असतं. सोयाबीनला नाव नसतं. ते प्लांटच्या खड्ड्यात पडलं की आबांचं आणि ब्राझीलचं सारखंच. आमच्यासारख्या कंपनीकडे विकण्यासारखं आहे ते खरं वजन, एकसारखा माल आणि ठरल्या दिवशी पोचणारी गाडी.

दुधाचंही तसंच. आणंद किंवा कोल्हापूरकडं बोट दाखवणाऱ्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. दूध रोज दोन वेळा निघतं आणि दहा दिवसांनी बिल होतं. शेतकरी दहा दिवस थांबू शकतो, कारण मागच्या दहा दिवसांचे पैसे हातात असतात. सोयाबीनवाल्याच्या हातात गेल्या वर्षीचे पैसे नसतात.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथं सोयाबीनलाही नाव मिळतं : बियाणं. अकोल्याचं महाबीज १९७६ पासून शेतकऱ्यांकडून बीजोत्पादन करून घेतं आणि बाजारभावावर वाढीव दर देतं. सोयाबीनचं बियाणं नाजूक असतं. साल पातळ, आदळलं की उगवण जाते; आणि उगवण ७० टक्क्यांच्या खाली गेली की ते बियाणं म्हणून विकता येत नाही. मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला चारशेच्या आत ठेवायचे, थप्पी उंच लावायची नाही, पोतं फेकायचं नाही. हे सांभाळणारे काही सभासद आता कंपनीसाठी बियाणं करतात. गिऱ्हाईक आमचेच बाकीचे सभासद. आणि इथं आबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर सापडलं. जूनला रोख उचल देणं आमच्या ऐपतीत नाही, पण बियाण्याची पिशवी देता येते, पैसे ऑक्टोबरच्या मालातून वळते करून. व्याज पावतीवर लिहिलेलं, सगळ्यांना दिसेल असं.

उरलेल्या अर्ध्यासाठी सरकारची एक जुनी योजना आहे आणि ती पुरेशी वापरली जात नाही याचं मला वाईट वाटतं. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, सहा टक्के व्याज, मुदत १८० दिवस. वीस क्विंटलचे ८४ हजार धरले तर ६३ हजार हातात येतात. चार महिन्यांचं व्याज १,२६० रुपये. आबांच्या पंधरा हजारांच्या उचलीवर गेलेले पाच हजार आठवा आणि हा आकडा त्याच्या शेजारी ठेवा. अडचण गोदामाची आहे. ते तालुक्याला असतं, आणि वीस क्विंटल तिथवर नेण्याचा खर्च पुन्हा तोच. माल गावात गोळा करून एकत्र नेणं हे कंपनीचं काम, आणि आम्ही ते करतो. मात्र कुणालाही मी "थांबा, भाव वाढेल" असं सांगत नाही. २०२१च्या आठवणीनं अनेकांनी पुढची वर्षं माल घरात ठेवला आणि शेवटी कमी भावानं विकला. तारण ठेवायचं ते दिवाळीचं देणं भागवण्यासाठी, तेजीची वाट पाहण्यासाठी नव्हे.

गेल्या हंगामापासून आम्ही पैसे दोन टप्प्यांत देतो. काट्यावर माल मोजला की त्याच दिवशी ऐंशी टक्के रक्कम सभासदाच्या खात्यात, उरलेली वीस टक्के प्लांटचे पैसे आल्यावर, वाढीव दरासह. त्यानं आमचं भांडवल थोडं आणखी ताणता येतं आणि गुत्तेदाराचे पैसे द्यायला कुणाला हात पसरावा लागत नाही. ही वीस टक्के ठरल्या दिवशी पोचली नाहीत तर सगळं मोडेल, हे मला माहीत आहे. म्हणून मी स्वतःच्या पगाराची तारीख त्या तारखेनंतरची ठेवून घेतली आहे.

आबा आता निम्मं सोयाबीन कंपनीत आणतात आणि निम्मं शेठला घालतात. संचालक मंडळातल्या तरुणांना ते खटकतं. सभासद असून व्यापाऱ्याला माल देतात म्हणजे काय, असं एकानं बैठकीत विचारलंसुद्धा. मी आबांच्या बाजूनं बोलले. रात्रीच्या दवाखान्याला पैसे देण्याची सोय आमच्याकडे अजून नाही. ती होईपर्यंत त्यांनी तो दरवाजा उघडा ठेवणं शहाणपणाचंच आहे. सभासदांसाठी तातडीच्या उचलीचा एक छोटा फंड करावा, बियाण्याच्या नफ्यातून दरवर्षी त्यात ठरावीक भाग टाकावा, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे मी ठेवणार आहे. किती रक्कम, कुणाच्या सहीनं, आणि रात्री फोन आला तर कुलूप कोण उघडणार, एवढ्या तीन गोष्टी अजून ठरायच्या आहेत.